‘प्रोव्होक केलं’ म्हणजे काय केलं?

शहाड-कल्याणकडे घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की एक इंग्रजी शब्द हमखास कानावर येतो. ‘तिनंच मला प्रोव्होक केलं.’

आपल्याकडे याला नेमके शब्द आहेत. खोडी काढणं म्हणजे डिवचणं. टोमणे मारून खिजवणं. दुसऱ्याला मारामारीला लावणं ही चिथावणी, आणि ती मात्र गुन्हा ठरू शकते. हात उचलणारा हे सगळं एकाच शब्दात कोंबतो. भाजी खारट झाली, तरी ‘प्रोव्होक’!

कायदा एवढा भोळा नाही. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. एकाएकी भडकून हे घडलं, असाही मुद्दा बचावात होता. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला. घरातून निघाल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते. डोकं शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. आणि कारण गंभीर, राग अचानक, हे दोन्ही सिद्ध झालं तरी शिक्षा कमी होते, गुन्हा पुसला जात नाही.

म्हणून तक्रारीत नुसतं ‘भांडण झालं’ लिहू नका. कोण काय बोललं, किती वाजता, मग हात कुणी उचलला, ते आपल्या शब्दांत लिहा. सही करण्याआधी वाचून घ्या.