दिवा लावायच्या आधीची चार पावलं

पहाटे ५.१०
जळगाव. मे महिना. गजर बंद करून भाची आधी कूलरची टाकी भरते. दोन बादल्या. मग लॅपटॉप उघडते. लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या, हवा खेळावी म्हणून. मे महिन्यात तिचं आणि केळीवाल्या शेतकऱ्याचं वेळापत्रक एकच असतं. जड काम उन्हाआधी.

तिचं जड काम म्हणजे लिनक्सचं कर्नेल कंपाइल करणं. कंपनी पुण्याची, खोली आईच्या घरातली माडीवरची. "पगार पुण्याचा, भाडं शून्य," ती हसते. पण खर्च आहेतच. ब्रॉडबँडचे महिन्याला आठशे. तो बंद पडला तर म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम. गोलाणी मार्केटमधून आणलेली सोळा जीबीची रॅम, बत्तीसशे. इन्व्हर्टरची बॅटरी, साडेचौदा हजार. हे सगळं तिच्या खिशातून.

५.२०
आठ कामं एकदम, अशी आज्ञा देऊन ती बिल्ड लावते. पडद्यावर फाइलींची नावं धावायला लागतात. पंखा आवाज धरतो. आज केॲसॅन चालू ठेवून बिल्ड आहे. केॲसॅन म्हणजे स्मृतीचा पहारेकरी. प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी तो कंपायलरकडून एक तपासणी घुसवून घेतो. चोर सापडतात, पण कोड फुगतो.

"मामा, चहा ठेवता का? मला इथून हलता येणार नाही." हलता येतं. सत्तावीस मिनिटं नुसती वाट बघायची आहे. मी चहा ठेवतो.

५.५०
शेवटच्या टप्प्यावर एक ओळ येते. इशारा. अमुक फंक्शनमधून तमुक फंक्शनला हाक गेली आहे, आणि ती नोइन्स्टर विभाग सोडून बाहेर जाते.

इशारा देणारं हत्यार ऑब्जटूल. जॉश पॉइम्बोफ यांनी लिहिलेलं, २०१६पासून कर्नेलसोबत येतं. ते मूळ मजकूर वाचत नाही. कंपायलरनं बनवलेलं यंत्रभाषेतलं पीठ चाळतं.

"सापडला," ती म्हणते. आनंद झाला की वैताग, आवाजावरून कळत नाही.

७.३०
पोहे. आता मला समजावणं आलं.

"मामा, रात्री बाहेरून आलात. दार उघडलं. दिव्याचं बटण चार पावलांवर आहे. त्या चार पावलांत काय करायचं नाही?"
"धडपडायचं नाही."
"आणि कुणाला हाक मारायची नाही. कशाला हात लावायचा नाही. सरळ बटणाकडे."

कर्नेलचंही तसंच. प्रोग्राम चालू असतो, मध्येच काही घडतं, प्रोसेसर कर्नेलच्या दारातून आत शिरतो. पहिल्या काही सूचनांपर्यंत घरात अंधार असतो. कर्नेलच्या स्वतःच्या हिशेबयंत्रणांनाही अजून पत्ता नसतो की आपण आत आलोय. त्या अंधारात ट्रेसिंगचा, म्हणजे कर्नेलच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्यांचा, किंवा केॲसॅनचा एखादा हुक चालला, तर तो गृहीत धरणार की दिवे लागलेत. मग अख्खं मशीन आडवं. म्हणून २०२०मध्ये, ५.८ आवृत्तीत, थॉमस ग्लाइक्सनर आणि पीटर झाइल्स्ट्रा यांनी या चार पावलांचा कोड वेगळ्या विभागात बांधला. तोच नोइन्स्टर. इथं कुणी हुक अडकवायचा नाही.

"मग अडचण काय?"

अडचण एका चिमुकल्या फंक्शनची. एक बिट बघायचा, हो की नाही सांगायचं. तीन ओळी. त्याच्यापुढे 'इनलाइन' लिहिलेलं आहे. म्हणजे तिकडे जाऊन परत येऊ नका, त्याचा मजकूर इथंच ओतून घ्या. पण नुसतं इनलाइन ही कंपायलरला विनंती असते. केॲसॅननं त्या तीन ओळी फुगवल्या. कंपायलर म्हणाला, एवढं मोठं कोण ओतत बसतो. त्यानं ते बाहेर ठेवलं, साध्या विभागात.

९.३०
पुण्याची मीटिंग. पंधरा मिनिटांची ठरलेली, चाळीस मिनिटं चालते. ती दोन वाक्यं बोलते. मी वर्तमानपत्र संपवतो.

१०.२५
कंपायलरनं केलेलं ती डोळ्यांनी बघते. ऑब्जडंप. डावीकडे आकडे, उजवीकडे यंत्राच्या सूचना. एका ओळीवर बोट ठेवते. कॉल. पाच बाइट. मग ज्याला हाक गेली त्या फंक्शनकडे नेते. त्याच्या पोटात केॲसॅननं घुसवलेली तपासणी. अंधारात जाऊन नेमका तिथंच पाय.

१०.५५
दुरुस्ती. 'इनलाइन' खोडते, 'ऑलवेज इनलाइन' लिहिते, पुढे दोन अंडरस्कोर. विनंतीचा हुकूम झाला. घड्याळात बघितलं, अकरा सेकंद.

"झालं?"
"आता सुरू."

तो शब्द हेडर फाइलीत आहे, आणि ती हेडर अर्ध्याअधिक कर्नेलनं ओढून घेतलेली. एक शब्द बदलला की जवळजवळ सगळं पुन्हा दळायचं. बाहेर एव्हाना चाळीसच्या वर. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पहाटेच्या सत्तावीस मिनिटांची आता चाळीस-पंचेचाळीस होणार.

११.२०
लाइट गेली.

कूलर बंद. इन्व्हर्टरवर पंखा, राउटर आणि लॅपटॉप. ती कंट्रोल-सी दाबून बिल्ड थांबवते. जेवढं झालं तेवढं राहतं, उरलेलं नंतर. खालून ताई, म्हणजे तिची आई, ओरडते, "खाली ये व माय, भाजून निघशील!"

दुपारी १२.४५
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आमरस. ताईचा नेहमीचा प्रश्न मला. "दिवसभर करते काय ही?" मी सांगतो, एक शब्द बदलला. ताई माझ्याकडे बघते. पगाराचा आकडा तिला माहीत आहे. ती आणखी एक भाकरी वाढते.

२.१०
लाइट आली. बिल्ड पुन्हा सुरू. ती ओल्या टॉवेलनं मान पुसते.

३.१५
धुळ्याचा फोन. देवपुरात तिचे एक जुने सहकारी राहतात. कंत्राटी काम करतात, तासावर पैसे. त्यांच्याकडे टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, खऱ्या लोखंडावर चाचणी करायची तर तोच. पॅच, म्हणजे दुरुस्ती, बाहेर पाठवायच्या आधी ती त्यांना दाखवते.

"ऑलवेज इनलाइन कशाला? सरळ नोइन्स्टर लाव ना त्या फंक्शनला."
"दादा, मग त्याची तपासणी सगळीकडूनच जाईल. ते उजेडातही वापरतात लोक."

मला हे आवडलं. ओतलेला मजकूर ज्या घरात पडला त्या घराचे नियम पाळतो. अंधारातल्या फंक्शनमध्ये पडला तर हुक नाहीत. उजेडातल्यात पडला तर पहारा शाबूत.

दादा एवढ्यानं सोडत नाहीत. कर्नेलच्या लेखनशैलीच्या नियमावलीत 'इनलाइनचा रोग' नावाचं प्रकरणच आहे. तीनपेक्षा जास्त ओळींचं फंक्शन शक्यतो इनलाइन करू नका. ऊठसूट ओतत गेलं की कर्नेल जाड होतं, प्रोसेसरची जवळची स्मृती भरते, सगळंच मंदावतं. "तीनच ओळी आहेत," ती म्हणते. "मोजल्या?" "मोजल्या."

मग दोघं जुन्या गोष्टींवर येतात. २०१९पर्यंत बऱ्याच प्रोसेसरांसाठी कर्नेलमध्ये नुसतं इनलाइन म्हटलं तरी ती सक्तीच असायची. मासाहिरो यामादा यांच्या बदलांनी, ५.४ आवृत्तीपासून, कंपायलरला सगळीकडे मोकळीक मिळाली. जिथं सक्ती खरंच हवी होती ती ठिकाणं मग एकेक उघडी पडली. २०२२च्या जुलैत झुरिकच्या संशोधकांनी रेटब्लीड दाखवलं. फंक्शनमधून परत येण्याची साधी सूचनाच काही प्रोसेसरांवर फसवता येते. दारात शिरताना बंदोबस्त होण्याआधी एकही परतफेरी चालेना. हाकच मारली नाही तर परत कशाला यावं लागेल, असं दादा म्हणतात आणि चहा प्यायला फोन ठेवतात.

४.५०
बिल्ड केव्हाच पूर्ण. इशारा गेला. दादांच्या मशीनवर ट्रेसिंग आणि कामगिरी मोजणारं पर्फ दोन्ही चालू ठेवून अर्धा तास. मशीन उभं आहे. दादांनी दीड तास लावला. पाऊणच लिहिणार, म्हणाले.

५.४०
आकार मोजायचा. दोन्ही कर्नेल शेजारी ठेवून किती बाइट वाढले ते सांगणारं एक हत्यार आहे. केॲसॅनसकट, थोडे वाढले. केॲसॅनशिवाय, नेहमीच्या कर्नेलमध्ये, फरक शून्य. तिथं कंपायलर आधीपासून ओततच होता. आपणहून.

"म्हणजे दिवसभरात काहीच बदललं नाही?"
"नेहमीच्यात नाही."

७.००
आता लिहिणं. विषयाची एक ओळ. मग कारण. इशारा जसाच्या तसा. कंपायलर कोणता, आवृत्ती कोणती, केॲसॅनशिवाय का दिसत नाही. चूक कुठल्या जुन्या बदलातून आली, त्याची बारा अक्षरी खूण. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव, म्हणजे हे काम माझं आणि जबाबदारी माझी. एका शब्दामागे एकोणीस ओळी. तीनदा लिहिते, तीनदा खोडते. मी इतकं पुस्तकाच्या प्रस्तावनेलाही खोडलेलं नाही.

८.०५
ईमेलनं पाठवला. कुणाकुणाला, ते सांगणारी स्क्रिप्ट कर्नेलमध्येच असते. नऊ पत्ते निघाले.

८.४०
शेवभाजी. झणझणीत. नाक पुसत जेवण.

९.५५
उत्तर. युरोपात अजून संध्याकाळ आहे. 'हॅलो' नाही, 'आभार' नाही. दोन ओळी. शेजारच्या फंक्शनलाही तेच लागेल असं दिसतं. क्लँगनं बिल्ड करून पाहिलंत का?

तिनं पाहिलेलं नाही. क्लँग हा दुसरा कंपायलर, आज फक्त जीसीसी.

ती मला विचारते, "मामा, उद्या आहात ना?" मी आहे. बस परवाची. ती गजर चार पन्नासवर आणते. मग खाली जाऊन कूलरसाठी दोन बादल्या आत्ताच भरून जिन्यापाशी ठेवते.