ताम्रपत्रावर कोरलेले सूर

पाश्चात्त्य संगीताच्या मुद्रणाचा इतिहास बहुधा व्हेनिसच्या ओत्ताव्यानो पेत्रुच्चीपासून सांगितला जातो. त्याने १५०१ मध्ये बहुस्वरी गीतांचा संग्रह सुट्या खिळ्यांनी छापला. त्यासाठी एकच कागद यंत्राखालून पुन्हा पुन्हा काढावा लागे. रेषा, स्वर आणि शब्द असे निरनिराळे छाप एकमेकांवर तंतोतंत बसले तरच पान साधे. पुढे १५२८ च्या सुमारास पॅरिसच्या प्येर आतेन्याँने सोपी युक्ती रूढ केली. प्रत्येक खिळ्यावर स्वरचिन्हाबरोबर पाच रेषांचा लहानसा तुकडाही ओतलेला असे. खिळे ओळीने जुळवले की रेषा सलग दिसत आणि एका छापात पान तयार होई. भिंगातून पाहिले तर सांधे दिसतात, पण गाणाऱ्याचे काम अडत नसे.

गाणाऱ्याचे नसले तरी वाजवणाऱ्याचे अडे. गायकाच्या पानावर एका वेळी एकच स्वर असतो. ऑर्गन, हार्पसिकॉर्ड, व्हर्जिनल या पट्टीवाद्यांवर दहा बोटे चालतात. एकाच रेषासमूहावर तीन-चार स्वर एकमेकांच्या डोक्यावर येतात, दोन आवाज एकमेकांना छेदून जातात आणि मधूनच द्रुत स्वरांची माळ सुटते. शेजारी शेजारी बसणाऱ्या खिळ्यांना हे पेलणे कठीण होते. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रोममध्ये आंद्रेआ आंतिकोने १५१७ मध्ये लाकडी ठोकळे कोरून ऑर्गनसाठीचे संगीत छापले, आणि आतेन्याँने १५३१ मध्ये खिळ्यांनीही ते करून दाखवले. पण हाताने लिहिलेल्या पानाचे स्वातंत्र्य छापील पानाला मिळाले ते ताम्रपत्रावरच्या उत्कीर्णनामुळे.

रोममध्ये सिमोने वेरोव्योने १५८६ मध्ये ताम्रपत्रावर कोरलेले संगीत प्रसिद्ध केले. क्लाउद्यो मेरुलोच्या तोकाता, म्हणजे पट्टीवाद्यासाठीच्या मुक्त रचना, १५९८ मध्ये त्याच पद्धतीने निघाल्या. जिरोलामो फ्रेस्कोबाल्दीच्या तोकाता १६१५ च्या. म्हणजे पेत्रुच्चीच्या संग्रहानंतर शतक उलटल्यावरच्या. इंग्लंडमध्ये बर्ड, बुल आणि गिबन्स या तिघांच्या एकवीस रचनांचे ‘पार्थेनिया’ १६१३ च्या आसपास आले. तेथील हे पट्टीवाद्यांचे पहिले कोरीव पुस्तक होय. रेषा पाचच असाव्यात हा नियम तेव्हा पक्का झालेला नव्हता. ‘पार्थेनिया’त सहा-सहा रेषा आहेत. फ्रेस्कोबाल्दीच्या पानांवर उजव्या हाताला सहा आणि डाव्या हाताला आठ आहेत. आजचा वादक ते पान प्रथम पाहतो तेव्हा रेषा मोजण्यातच थोडा वेळ जातो.

अठराव्या शतकात तांब्याच्या जोडीला कथिल-शिशाचा मऊ मिश्रधातू आला आणि कारागिरीची घडी बसली. पत्रा गुळगुळीत करून पाच दातांच्या अवजाराने रेषा एकदम ओढत. स्वरांची डोकी, आरंभीची स्वरस्थानदर्शक चिन्हे आणि अंक पोलादी ठशांवर हातोडी मारून उमटवत. दांड्या, जोडपट्ट्या आणि कमानी मात्र कोरणीने हातानेच काढाव्या लागत. हे सारे काम आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे, उजवीकडून डावीकडे चाले. चूक झालीच तर पत्रा पालथा घालून मागून ठोकत, ती जागा पुन्हा सपाट करीत आणि नव्याने कोरत.

या कामातले खरे कौशल्य अंतरात आहे. दुप्पट काळाच्या स्वराला दुप्पट जागा दिली तर ओळ विस्कटते आणि सर्वांना सारखी दिली तर लय डोळ्यांना दिसत नाही. वर दांडी असलेल्या स्वरापुढे खाली दांडीचा स्वर आला की मोजून सारखे ठेवलेले अंतरही नजरेला कमी-जास्त भासते. तेवढे केसभर सरकवणे हे पट्टीने जमत नाही, नजरेनेच जमते.

जर्मन ऑर्गनवादकांनी दुसरीच वाट धरली होती. ‘टॅब्लेचर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या लिपीला आपण अक्षरलिपी म्हणू. जुन्या प्रकारात सर्वांत वरचा आवाज रेषांवर आणि खालचे आवाज अक्षरांत असत. नव्या प्रकारात रेषा गेल्या आणि सगळेच आवाज अक्षरांत आले. अक्षराच्या वर काळाचे चिन्ह आणि सप्तक कळावे म्हणून आडवी रेघ देत. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुस्तकांतून मंद्रासाठी खाली बिंदू, तारासाठी वर बिंदू हे शिकलेल्या मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. अक्षरांना जागा कमी लागते. योहान सेबास्टियन बाखने ‘ऑर्गेलब्यूख्लाइन’च्या हस्तलिखितात पान संपत आले तिथे उरलेले स्वर सरळ अक्षरांत लिहून टाकले आहेत!

जुनी पाने वाचणे हे मात्र स्वतंत्र शास्त्र आहे. आज तीव्र-कोमलाचे चिन्ह पुढच्या उभ्या रेघेपर्यंत लागू असते. तेव्हा ते बहुधा त्या एका स्वरापुरतेच असे. इंग्रज रचनाकार दांडीवर एक किंवा दोन तिरप्या रेघा मारत. दोन रेघा म्हणजे स्वराचे आंदोलन असे सामान्यतः मानतात, पण एका रेघेच्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही. फ्रेंचांनी या बाबतीत उपकार केले. ज्याँ-आंरी दांग्लबेरने १६८९ च्या आपल्या ग्रंथात एकोणतीस अलंकारांचा तक्ता चिन्ह आणि वादन यांसह दिला. बाखने तो स्वतःसाठी उतरून घेतला होता.

संगणकाच्या पडद्यावर हीच कारागिरी नव्याने वाटली गेली. अडोबी कंपनीने १९८६ मध्ये क्लिओ हगिन्स यांनी रेखलेला ‘सोनाटा’ हा स्वरलिपीचा फॉन्ट आणला. त्यानंतर जो तो आपापल्या संकेतांनी फॉन्ट करू लागला आणि एकाचे चिन्ह दुसऱ्यात भलतेच उमटू लागले. हा घोळ निस्तरण्यासाठी २०१३ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीच्या डॅनियल स्प्रेडबरी यांनी ‘ब्रावुरा’ हा फॉन्ट आणि त्याच्याबरोबर ‘स्मूफल’ हा सामाईक संकेत खुला केला. त्यात दोन हजारांहून अधिक चिन्हांना ठरलेली जागा आहे. जर्मन ऑर्गनलिपीची अक्षरे त्यात आहेत आणि दांग्लबेरच्या नावाने नोंदलेले अलंकारही आहेत. गंमत अशी की जुनी कामाची विभागणी तशीच राहिली. ठशांनी जे होई ते फॉन्ट करतो. कोरणीने जे होई, म्हणजे दांड्या, जोडपट्ट्या, कमानी आणि अंतर, ते स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमकडे गेले.

प्रोग्रॅम अडतो तो फ्रेंच रचनाकार लुई कूपराँच्या तालमुक्त प्रिल्यूडपाशी, म्हणजे आरंभी वाजवायच्या रचनांपाशी. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ‘बोआँ’ हस्तलिखितात ही प्रिल्यूड आहेत. त्यांतल्या बहुतेकांत ताल नाही, उभ्या खंडरेषा नाहीत, सगळे स्वर पोकळ वर्तुळांसारखे एकाच मूल्याचे लिहिलेले आहेत आणि त्यांवरून लांबच लांब कमानी गेलेल्या आहेत. कोणता स्वर धरून ठेवायचा आणि कोणते एका दमात घ्यायचे हे कमानी आणि स्वरांमधली दाटी-विरळी यांवरून ओळखायचे. दांग्लबेरने स्वतःची अशी प्रिल्यूड छापली तेव्हा वाचकांच्या सोयीसाठी काही स्वरांना द्रुत मूल्ये दिली. त्याच्या हस्तलिखितात मात्र तीच निव्वळ वर्तुळांत आहेत. प्रोग्रॅम काळावरून अंतर ठरवतो. येथे सर्वांचा काळ सारखा, म्हणून तो सगळे स्वर कवायतीला उभे केल्यासारखे समान अंतरावर मांडतो. मग संपादक तालाचे चिन्ह लपवतो, सबंध प्रिल्यूड एकाच अवाढव्य खंडात घालतो आणि हस्तलिखिताची प्रत शेजारी ठेवून एकेक स्वर माउसने केसभर सरकवत बसतो.