निळ्या फुलाचं पोट चिखलात

साताऱ्याच्या एका वाचकानं कास पठारावर टिपलेलं छायाचित्र पाठवलं आहे. चिखलात उभी नखाएवढी निळी-जांभळी फुलं, आणि सोबत प्रश्न: 'ही वनस्पती मांसाहारी असते म्हणतात. कुंडीत लावली तर घरातले डास कमी होतील का?'

ही सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलारिया. वरची पाकळी छोटी, खालची रुंद, तिच्या मध्यावर पांढरट डाग आणि मागे खाली वळलेली टोकदार नळी, एवढं जुळलं की कुळाबद्दल शंका उरत नाही. जात ठरवताना मात्र भलेभले अडतात. देठ शेजारच्या गवताला वळसे घालत चढला असेल आणि पाकळीवर शिरांची जाळी दिसत असेल, तर रेटिक्युलाटा. मोकळ्या चिखलात ताठ उभी राहून सगळा सडा (कातळाचं पठार) निळा करते ती बहुधा पर्प्युरासेन्स. छायाचित्र थेट समोरून घेतल्यामुळे त्यात देठही दिसत नाही आणि मागची नळीही, तेव्हा मी पैज लावणार नाही.

जागा पाहिली तर निम्मी ओळख पटते. सड्यावर जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती. कातळामुळे पावसाचं पाणी खाली जात नाही, सगळं वर साचून राहतं, आणि धो धो पावसात मातीतलं नत्र वाहून जातं. अशा उपाशी चिखलात तग धरायचा, तर नत्र दुसरीकडून मिळवावं लागतं. शेजारची दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. सीतेच्या आसवांची शिकार चिखलाच्या आत चालते. या वनस्पतीला खरी मुळं नसतातच. असतात ते पांढुरके धागे आणि त्यांवर लटकणाऱ्या इवल्या पिशव्या.

औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून द्रवात बुडवायचा आणि सोडायचा, तसं या पिशवीचं काम. आतलं पाणी बाहेर टाकून ती स्वतःला दाबून धरते. तोंडाशी पाणी आत शिरू न देणारं झाकण, झाकणावर केस. एखाद्या सूक्ष्म जिवाचा केसाला धक्का लागला की झाकण आत वाकतं आणि पाण्याबरोबर तो जीवही ओढला जातो, मिलिसेकंदाच्याही आत! पुन्हा सज्ज व्हायला मात्र पिशवीला पंधरावीस मिनिटं लागतात.

'खुनी फूल' वगैरे मथळे वाचून घाबरू नका आणि डासांच्या बाबतीत आशाही धरू नका. सड्यावरच्या या जातींच्या पिशव्या इतक्या लहान, की डासाची अळी त्यांत मावायची नाही. उडता डास तर चिखलाखाली जाणारच नाही. शिवाय खत घातलेली कुंडीतली माती हिला मानवत नाही.

या पिशवीच्या गोष्टीत डार्विनचं नाव हमखास येतं, मेरी ट्रीटचं क्वचित. १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिताना डार्विनचा समज होता, की प्राणी स्वतःच डोकं खुपसून झाकण ढकलतात आणि आत अडकतात. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडमध्ये ट्रीटबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जिवंत शिकार पाहत बसायच्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोटापाण्यासाठी नियतकालिकांत लिहिणाऱ्या आणि वनस्पती-कीटकांचे नमुने गोळा करून देणाऱ्या. प्राणी शिरत नाही, तो ओढला जातो, हे त्यांनी पाहिलं आणि डार्विनला कळवलं. डार्विननं पुस्तकात त्यांची दखल घेतली आहे, पण ओढण्यामागची यंत्रणा त्यालाही उलगडली नव्हती. ती उलगडली विसाव्या शतकात. झाकणाचा नेमका वेग मोजायला तर वेगवान कॅमेरे यावे लागले. २०११ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी अशा कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्यं प्रसिद्ध केली. ट्रीटबाईंच्या हाताशी होता फक्त सूक्ष्मदर्शक, आणि तासन् तास न हलता बसण्याची चिकाटी.

वनस्पतिशास्त्रानं त्यांचं नाव एका लिलीला दिलं आहे. युट्रिक्युलारियाच्या एखाद्या जातीला ते शोभलं असतं, असं मला वाटतं.