शवासन : अतिरक्तदाबावरील पूरक उपचार

अतिरक्तदाबाच्या रुग्णाने औषधयोजनेच्या जोडीने करावयाचा, शरीराचे शिथिलीकरण व श्वासाविषयीची सजगता यांवर आधारलेला उपचार. हठयोगप्रदीपिकेत शवासन हे श्रम हरण करणारे व चित्ताला विश्रांती देणारे म्हणून वर्णिले आहे. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगक्रियांच्या शास्त्रीय परीक्षणास चालना दिली. अतिरक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा पद्धतशीर प्रयोग मुंबईचे हृद्रोगतज्ञ के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी केला आणि त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले.

पद्धती : रुग्ण उताणा निजून डोळे मिटतो व सर्व स्नायू सैल सोडतो. श्वसन संथ, तालबद्ध व मध्यपटलाच्या साहाय्याने चालते. श्वास घेतल्यावर अल्प व सोडल्यावर त्याहून दीर्घ विराम असतो. आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांशी अनुभवीत राहणे, हे या क्रियेचे मर्म होय. दात्यांचे रुग्ण ही क्रिया ३० मिनिटे करीत. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिकविल्या जाणाऱ्या विपश्यनेचा आरंभही श्वासाच्या अवलोकनाने (आनापान) होतो. मात्र तेथे श्वासाचे नियमन करीत नाहीत आणि रोगोपचार हा तिचा हेतू नाही.

क्रिया : मानसिक ताणामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन हृदयाची गती वाढते व रोहिणिका आकुंचन पावतात. शिथिलीकरणाने हे उद्दीपन मंदावून रक्तदाब उतरतो, असे मानतात.

परिणाम : दाते यांच्या प्रयोगात ४७ रुग्ण होते. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मिमी. पाऱ्यावर आला. औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेल्या २२ पैकी १३ रुग्णांचे औषध मूळच्या ३२ टक्क्यांपर्यंत उतरविता आले. औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेल्या १५ पैकी ६ जणांत हे प्रमाण २९ टक्के झाले. अनियमित सराव करणाऱ्यांत व रोहिणीकाठिण्य असलेल्यांत लक्षणीय फरक पडला नाही. या प्रयोगात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. इंग्लंडमध्ये चंद्रा पटेल व नॉर्थ यांनी १९७५ मध्ये ३४ रुग्णांचे दोन गट करून ही उणीव भरून काढली. योग व जैव प्रतिसंभरण शिकविलेल्या गटाचा रक्तदाब सरासरी १६८/१०० वरून १४१/८४, तर दुसऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ झाला. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०१ व्यक्तींवरील सजगता-प्रशिक्षणाच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर प्रकुंचनीय दाब सरासरी ५·९ मिमी., तर तुलनेच्या गटात १·४ मिमी. उतरला. म्हणजे लाभ खरा असला, तरी त्याचे प्रमाण रुग्णागणिक व प्रयोगागणिक बदलते.

मर्यादा : अतिरक्तदाबाची लक्षणे पुष्कळदा जाणवतच नाहीत. शवासनाने डोकेदुखी वा निद्रानाश कमी होऊन बरे वाटले, तरी रक्तदाब उतरला असेलच असे नाही. तो मोजूनच ठरवावा लागतो. क्लोनिडीनासारखे औषध एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळून पक्षाघाताचा धोका संभवतो. म्हणून औषधाचे प्रमाण केवळ वैद्याने, वारंवार मापन करून व टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे असते. दाते यांच्या प्रयोगातही बहुतेक रुग्णांत शवासन औषधांच्या जोडीला होते. ज्यांचे औषध कमी झाले, त्यांपैकी बहुतेकांना ते थोड्या प्रमाणात चालूच ठेवावे लागले.