गर्डर एकटा असतो तेव्हा

इंटरचेंजवर पूल बांधायचा तो चालत्या महामार्गाच्या डोक्यावर. खालचे ट्रक, एसटी, रुग्णवाहिका वर्षभर थांबवता येत नाहीत, त्यामुळे रस्त्यात टेकू रोवून जागेवरच काँक्रीट ओतायची सोय नसते. म्हणून पुलाचे गर्डर दूर कास्टिंग यार्डात ओततात, ट्रेलरवरून आणतात आणि रात्रीच्या ट्रॅफिक ब्लॉकमध्ये क्रेनने खांबांवर ठेवतात. 30 मीटर लांबीचा गर्डर सहज 50 टनांचा भरतो.

त्याची ताकद यार्डातच घडते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं. ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. तुळईवर वजन आलं की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथेच जातो. म्हणून वजन येण्याआधीच त्या बाजूला दाब भरून ठेवायचा. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात. निवताना ती आवळते आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट धरते. गर्डरमध्ये हे काम पोलादी स्ट्रँड करतात.

सात तारांच्या पिळाचा, 15.2 मिमी जाडीचा एक स्ट्रँड जॅकने सुमारे 20 टन जोराने ओढला जातो. दर मीटरमागे तो साधारण 7 मिमी लांबतो. यार्डातल्या 100 मीटरच्या कास्टिंग बेडवर ही वाढ 70 सेंटिमीटर होते. असे तीस-चाळीस स्ट्रँड ताणलेले ठेवून त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात. वाफेवर क्युरिंग केलं तर दुसऱ्या दिवशीच ते पुरेसं घट्ट होतं. मग टोकाला स्ट्रँड कापतात. सुटलेलं पोलाद आखडू पाहतं, काँक्रीट त्याला धरून ठेवतं आणि शेकडो टनांचा दाब गर्डरच्या अंगात उतरतो. हे चक्क डोळ्यांना दिसतं: गर्डरचा मध्य बेडवरून किंचित वर उचलला जातो. भारतात बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा असतो. गर्डरमध्ये नळ्या ठेवून आधी काँक्रीट ओततात, मग नळ्यांतले स्ट्रँड ताणतात आणि शेवटी नळ्यांत सिमेंटचा पातळ ग्राउट भरतात.

या तंत्रामागे फ्रेंच अभियंते यूजेन फ्रेसिने यांनी पाहिलेलं एक संकट आहे. 1911च्या सुमारास ॲलिए नदीवर त्यांनी बांधलेल्या पुलाच्या कमानी काही महिन्यांतच खाली बसू लागल्या. सतत दाबाखाली असलेलं काँक्रीट हळूहळू आकसत राहतं, हे त्या काळच्या नियमांत नव्हतं. फ्रेसिने यांनी कमानींच्या माथ्यात जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या आणि पूल वाचवला. साधी सळई ताणून उपयोग नाही, हे या आकसण्यातूनच कळतं. काँक्रीट आकसलं की तिचा सगळा ताण निघून जातो. खूप ताणता येणारं पोलाद हवं, म्हणजे थोडा ताण गेला तरी बराच उरतो. 1928 मध्ये त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं.

एवढी ताकद असलेला गर्डर एका बाबतीत मात्र फार हळवा असतो. तो उंच, लांब आणि अरुंद. वरून येणारं वजन पेलायला तो बनवलेला असतो, बाजूने ढकलणारा जोर सोसायला नाही. वरचा स्लॅब आणि मधल्या आडव्या तुळया ओतल्या की शेजारचे गर्डर एकमेकांना धरतात. त्याआधी प्रत्येक जण खांबावरच्या रबरी बेअरिंगवर एकटा उभा असतो. ओतताना राहिलेला किंचित बाक, बेअरिंगचा थोडासा कल आणि एका अंगाला लागलेलं ऊन एवढ्यानेही त्याचा तोल ढळू शकतो. उन्हात तापलेली बाजू प्रसरण पावते आणि गर्डर तिकडे झुकतो.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या मेसा इथे ऑगस्ट 2007 मध्ये हेच घडलं. महामार्गाच्या पुलावर नुकतेच बसवलेले गर्डर आडवे पुरेसे बांधलेले नव्हते. एक कलंडला, त्याने शेजारच्याला पाडलं आणि बघता बघता नऊ गर्डर खाली आले. तपासात बोट ठेवलं गेलं ते बाजूच्या आधाराच्या अभावावर. असे आधार साधे असतात: गर्डरच्या दोन्ही अंगांना टेकू, खांबाच्या माथ्याला (पिअर कॅपला) बांधलेल्या साखळ्या, दोन गर्डरांमध्ये पोलादी ब्रेसिंग. पहिला गर्डर बांधून झाल्याशिवाय क्रेनने त्याला सोडायचं नाही, आणि दुसरा आला की लगेच पहिल्याशी जोडायचा.

बांधकामातली ही मधली अवस्था किती जीवघेणी असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 31 जुलै ते 1 ऑगस्ट 2023च्या रात्री समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात पुलाचं काम सुरू असताना गर्डर बसवणारं यंत्र, म्हणजे गर्डर लाँचर, कोसळलं आणि 20 जणांचा जीव गेला. तिथली यंत्रणा वेगळी होती, पण कोसळलं ते काम अर्धवट असतानाच.

पुलाचं डिझाइन बारकाईने तपासलं जातं. बसवतानाच्या तात्पुरत्या बांधणीचा आराखडाही स्वतंत्र अभियंत्याने तितक्याच बारकाईने तपासायला हवा, आणि तो तपासल्याशिवाय ब्लॉकची तारीख ठरू नये. पहाटे रस्ता मोकळा करून देण्याची घाई शेवटी वर साखळ्या आवळणाऱ्या कामगारांच्या माथी येते. बांधणी पूर्ण करायला अर्धा तास जास्त लागत असेल, तर तेवढा वेळ खाली रांगेत उभ्या असलेल्या आपण द्यावा.