केसांचा मान राखणारी टोपी

पिलबॉक्स हॅट उन्हापासून वाचवत नाही, पावसापासून तर नाहीच. तिला कड नाही, त्यामुळे चेहऱ्यावर सावली पडत नाही. सपाट माथा, भोवती सरळ उभी भिंत, एवढीच ती टोपी. औषधाच्या गोळ्या ठेवायच्या गोल डबीवरून तिला नाव मिळालं. तरीही विसाव्या शतकातल्या बायकांच्या हॅटची आठवण निघाली, की हाच आकार आधी डोळ्यांपुढे येतो. त्याचं कारण तिच्याखालच्या केसांत आहे, असं मला वाटतं.

आकार जुना आणि मुळात पुरुषांचा. व्हेनिसमध्ये सेंट मार्क चर्चच्या एका कोपऱ्यात तांबड्या-जांभळट दगडातले चार रोमन सम्राट एकमेकांना धरून उभे आहेत. हे शिल्प इसवी सन 300 च्या आसपासचं. चौघांच्या डोक्यावर सपाट माथ्याची, बिनकडेची टोपी आहे. उत्तरकालीन रोमन सैनिक वापरत ती हीच. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश शिपायांनी आणि मग हॉटेलांत सामान उचलणाऱ्या पोरांनी ती हनुवटीखाली पट्टा बांधून घातली. बायकांच्या फॅशनमध्ये ती रुळली 1930 च्या दशकात. 1932 च्या ‘अ‍ॅज यू डिझायर मी’ या चित्रपटासाठी वेशभूषाकार एड्रियनने अभिनेत्री ग्रेटा गार्बोला ती दिली आणि पडद्यावरून ती दुकानांत उतरली.

साधी दिसते म्हणून ती करायला सोपी असेल, असं समजू नये. लोकरीचं फेल्ट वाफेवर मऊ करायचं, लाकडी ठोकळ्यावर ओढून बसवायचं आणि सुकेपर्यंत हलू द्यायचं नाही. आकार टिकावा म्हणून खळ. कापडाची टोपी असेल तर आत बकरम या ताठ कापडाचा सांगाडा, काठाला तार, वर कापड, आतून अस्तर आणि डोक्याला टेकते तिथे रिबनची पट्टी. मोठ्या कडेच्या हॅटवर फुलं, पिसं, जाळी लावून एखादी वाकडी शिवण झाकता येते. इथे माथा आणि भिंत जिथे मिळतात ती कडा जराशी जरी डगमगली, तरी लांबून दिसतं. टोपीकाम करणाऱ्यांच्या हाताची खरी परीक्षा अशाच कोऱ्या टोपीत होते. पण या हातांची नावं फॅशनच्या इतिहासात क्वचितच येतात, आणि ते मला फार खटकतं.

ज्याचं नाव आलं तो रॉय हॉल्स्टन. जन्म 1932, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. शिकागोत टोप्या करून तो न्यूयॉर्कला आला, लिली दाशे या नामवंत टोपीकर्तीकडे राहिला आणि मग बर्गडॉर्फ गुडमन या श्रीमंत दुकानाच्या टोपीविभागात गेला. जॅकलिन केनेडी त्या दुकानाच्या गिऱ्हाईक. नवरा जॉन केनेडी यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला हॅट घालणं त्यांना भाग होतं, पण हॅटची त्यांना मुळात आवड नव्हती. त्यांचे केस तेव्हाच्या रीतीप्रमाणे उलटे विंचरून फुगवलेले असत. ते घडवायला तासन् तास जात आणि त्यावर खोल हॅट दाबली की सगळी मेहनत वाया.

20 जानेवारी 1961, शपथविधीचा दिवस. आदल्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये जोरदार बर्फ पडलेला. समारंभाला आलेल्या कितीतरी बायका जाड फरच्या कोटात होत्या. जॅकलिनबाईंनी मात्र वेशभूषाकार ओलेग कॅसिनी यांचा बदामी रंगाचा साधा लोकरी कोट घातला होता आणि त्याच रंगाची पिलबॉक्स डोक्याच्या मागच्या भागावर ठेवली होती. पुढचे केस पूर्ण मोकळे, चेहरा पूर्ण उजेडात. ही मागे सरकवलेली बैठक मला त्या टोपीतलं सगळ्यात हुशार काम वाटतं. शिष्टाचार पाळला गेला आणि केशरचनाही शाबूत राहिली. त्या दिवशी वाऱ्यात त्यांनी टोपीवर हात दाबला आणि तिला पोचा पडला. हॉल्स्टन पुढे सांगत असे, की नक्कल करणाऱ्यांनी तो पोचाही मुद्दाम घालून टोप्या विकल्या. टोपीची कल्पना त्याची की कॅसिनींची, यावर वाद राहिला. पण 1962 साली टोप्यांसाठी ‘कोटी’ हा अमेरिकेतला फॅशन पुरस्कार मिळाला तो हॉल्स्टनला.

22 नोव्हेंबर 1963 ला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली, तेव्हा जॅकलिनबाईंनी गुलाबी सूटवर गुलाबी पिलबॉक्स घातली होती. राष्ट्राध्यक्षांच्या रक्ताचे डाग पडलेला तो सूट अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवला आहे. कुटुंबाच्या अटीनुसार तो 2103 पर्यंत लोकांना दाखवायचा नाही. टोपीचा मात्र पत्ता नाही.

तोवर हॅटचे दिवसही फिरले होते. केस फुगवण्यावर आठवड्याचे पैसे आणि वेळ घालवणाऱ्या बाईला मग पिलबॉक्सचीही अडचण वाटू लागली. मोटारींचं छत खाली आलं होतं, त्यामुळे हॅट घालून आत बसणं अवघड झालं. कॅथलिक चर्चमध्ये डोकं झाकण्याचा दंडकही सैल पडत गेला. 1966 साली गायक बॉब डिलनने आपल्या एका गाण्यात बिबट्याच्या कातड्याच्या पिलबॉक्सची थट्टा केली. त्याच वर्षी हॉल्स्टन बर्गडॉर्फमध्ये कपडे बनवू लागला आणि पुढे सत्तरच्या दशकात कपड्यांसाठीच जगभर ओळखला गेला. केसांचा मान राखून या टोपीने हॅटच्या प्रथेला थोडी वर्षं अधिक मिळवून दिली. पण हॅटपेक्षा केस महत्त्वाचे, हेही तिनेच मान्य केलं होतं. पुढची पायरी टोपीच काढून ठेवण्याची होती.

आज ती लग्नांत, राजघराण्यांच्या समारंभांत दिसते, बहुधा जाळी किंवा फूल लावून आणि कंगव्याने किंवा बारीक इलॅस्टिकने अडकवून. रोजच्या वापरात ती टिकली हवाई सेविकांच्या गणवेशात. अरुंद मार्गिकेतून वाकत जाताना कडेची हॅट अडखळेल, ही नाही. एमिरेट्स या विमान कंपनीच्या हवाई सेविकांची, खालून गळ्याशी पांढरा स्कार्फ येणारी लाल टोपी याच घराण्यातली. मुंबईच्या विमानतळावर ती सर्रास दिसते.