वेळ डोळ्यांपुढे हवी
(लेखमाला : प्रौढांमधला एडीएचडी – भाग ५)

मागच्या भागात आपण एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराचं, निदान कसं होतं ते पाहिलं. थोडक्यात उजळणी करू. ‘डीएसएम-५’ ही अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ साली आलेली नियमावली. तिच्यात लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ लक्षणं दिली आहेत. सतरा वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीत यांपैकी एका गटातली किमान पाच असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात आणि घर, नोकरी, नातीगोती अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास व्हावा लागतो. या यादीत वेळेचा उल्लेख एका लक्षणाचं उदाहरण म्हणून ओझरता येतो. रोजच्या जगण्यात मात्र कितीतरी भांडणं वेळेवरूनच होतात. म्हणून आजचा भाग वेळेचा.

एक नेहमीची सकाळ घ्या. ठाण्याहून ९.१२ ची लोकल पकडायची आहे. स्टेशन चालत दहा मिनिटांवर. साडेआठला अंघोळ, कपडे सगळं आटोपलं. हाताशी वेळ आहे म्हणून दोरीवरचे कपडे काढायला घेतले. काढता काढता घड्या घालणं सुरू झालं. त्या ठेवायला कपाट उघडलं, तर हरवलेलं लाइट बिल सापडलं. ते भरायला फोन हातात घेतला. मान वर केली तेव्हा ९.०८ झाले होते. या माणसाला गाडीची वेळ पाठ होती. ऑफिसात उशिराचा शेरा पडतो हेही माहीत होतं. तरी गाडी चुकली.

यात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या तर उपायही नेमके करता येतात. पहिली, कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज. दुसरी, हातातलं काम चालू असताना किती वेळ सरला याचं भान. तिसरी, पुढे येणाऱ्या गोष्टीचा दाब आज जाणवणं. प्रयोगशाळेत यातल्या दुसऱ्या अडचणीची चाचणी अशी घेतात : काही सेकंद दिवा लावतात आणि मग तेवढाच वेळ बटण दाबून धरायला सांगतात. एडीएचडी असलेल्यांचं माप इतरांपेक्षा सरासरीनं जास्त चुकतं. अशा चाचणीवरून एकट्यादुकट्याचं निदान करता येत नाही, पण वेळेचं भान ही मेंदूची क्षमता आहे आणि ती सगळ्यांकडे सारखी नसते, एवढं त्यातून कळतं.

तिसऱ्या अडचणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात कठोर आरोप तिच्यामुळेच होतात. महिनाभर ज्या अहवालाला हात लागत नाही तो शेवटच्या रात्री जागून पूर्ण होतो, आणि बऱ्याचदा चांगला होतो. मग घरचे म्हणतात, ‘मनात आणलं की करतोस, म्हणजे एरवी मनातच नसतं.’ वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो चुकीचा आहे. एडीएचडीत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर चालणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणांचं काम वेगळं चालतं. लांबचा फायदा किंवा लांबचं नुकसान त्या माणसाला कामाला लावायला पुरत नाही. मुदत अगदी अंगावर आली की तेच काम तातडीचं होतं आणि एकाग्रता मिळते. माणूस तोच, कुवत तीच; बदललेलं असतं ते मुदतीचं अंतर. या शेवटच्या रात्रींची किंमतही तोच मोजतो : झोप जाते, बिलांवर दंड बसतो, डॉक्टरकडे जाणं दुखणं वाढेपर्यंत राहून जातं.

एडीएचडीवर अनेक वर्षं संशोधन करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते काय करायचं हे या व्यक्तींना माहीत असतं. माहीत असलेलं योग्य क्षणी कृतीत उतरवणं अवघड जातं. हे पटलं की एक गोष्ट उघड होते. ‘वेळापत्रक बनव’, ‘आदल्या रात्री तयारी कर’ हे सल्ले फुकट जातात, कारण ते माहितीत भर घालतात आणि माहितीची वाण मुळात नव्हतीच. मदत हवी ती कृतीच्या जागी आणि कृतीच्या वेळी.

लहानपणी ही मदत मिळत होती, फक्त कुणी तिला मदत म्हणत नव्हतं. आई उठवायची, डबा हातात द्यायची, शाळेची घंटा व्हायची, सर वही तपासायचे. म्हणून कितीतरी हुशार मुलं दहावी-बारावी नीट पार करतात आणि पुण्यातल्या एखाद्या हॉस्टेलवर पहिल्याच वर्षी कोलमडतात. कुणाचं हे नोकरीत होतं, कुणाचं लग्नानंतर. ‘आधी नीट होता, आता बिघडला’ असं घरच्यांना वाटतं. अडचण आधीही होतीच. घरानं ती पेलून धरली होती.

बायकांच्या बाबतीत तर उलटाच भार येतो. मुलांच्या लसीची तारीख, सासऱ्यांची बीपीची गोळी, गॅसचं बुकिंग, नात्यातल्या लग्नाचा आहेर या साऱ्या घराच्या वेळा तिनं डोक्यात ठेवायच्या असतात. मुलींमध्ये धावपळीपेक्षा लक्ष विखुरण्याची लक्षणं अधिक आढळतात आणि वर्गात गप्प बसलेल्या मुलीकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे अनेकींना पस्तिशी-चाळिशीपर्यंत आपण वेंधळ्या आहोत एवढंच ठाऊक असतं. दिवसभर स्वतःवर पहारा ठेवून ती सगळं सांभाळते आणि रात्री तिच्यात काही उरत नाही. हा थकवाही डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे.

आता उपायांकडे वळू. सूत्र एकच : वेळ डोक्यात ठेवायची नाही, डोळ्यांपुढे ठेवायची.

काट्यांचं घड्याळ बाथरूममध्ये, ओट्यासमोर आणि दाराशेजारी लावा. काट्यांकडे पाहून किती वेळ उरला ते नजरेला दिसतं. नुसत्या आकड्यांवरून ते डोक्यात मोजावं लागतं.

गजर प्रसंगाचा लावू नका, कृतीचा लावा. ‘९.१२ ची गाडी’ असा गजर निरुपयोगी. ‘८.५० – चप्पल घाला’ हा उपयोगी. फोन दाराजवळच्या फळीवर ठेवा, म्हणजे गजर बंद करायला तिथवर जावंच लागेल.

दुपारी चारला डॉक्टरची वेळ असली की अनेकांचा सकाळपासूनचा दिवस वाट पाहण्यात जातो; मध्येच विसरू या धास्तीनं दुसरं काम हाती घेववत नाही. सव्वातीनचा गजर लावून तो वाजेपर्यंत करायचं एकच काम कागदावर लिहा.

महिन्याभराच्या कामाला मधल्या मुदती हव्यात आणि प्रत्येक मुदतीला कुणीतरी माणूस हवा. ‘शुक्रवारी अर्धा मसुदा तुला दाखवतो’ असं सहकाऱ्याला सांगितलं की लांबची तारीख जवळ येते. दरमहा ठरलेली बिलं खात्यातून आपोआप जाऊ द्या. जे काम यंत्र करू शकतं त्यासाठी स्मरणशक्ती पणाला लावू नये.

अशा सवयी शिकवणारी मानसोपचाराची पद्धत तपासलेली आहे. बोस्टनमध्ये स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नियोजन आणि विचारांच्या सवयींवर काम केलेल्या गटात, शरीर-मन शिथिल करायला शिकवलेल्या गटापेक्षा जास्त सुधारणा दिसली. औषधांचा अनेकांना चांगला उपयोग होतो. भारतात मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात आणि ती सुरू करताना रक्तदाब, हृदयाचा इतिहास तपासावा लागतो. औषध लक्ष टिकवायला मदत करतं. भिंतीवरचं घड्याळ मात्र आपणच लावायचं असतं.

घरच्यांसाठी दोन शब्द. आठवण कशाची करायची, किती वेळा आणि कशी, हे शांतपणे बसून आधी ठरवा. ठरवून केलेली आठवण आधार देते. चिडून केलेल्या आठवणीतून फक्त राग पोहोचतो, काम तसंच राहतं. आणि एडीएचडी असलेल्यांनीही हे लक्षात घ्यावं : उशिराचं कारण खरं असलं तरी स्टेशनवर ताटकळलेल्या माणसाचा वेळ गेलेलाच असतो. त्याची क्षमा मागायलाच हवी, आणि पुढच्या वेळी काय बदलणार तेही सांगायला हवं.

वेळेचा गोंधळ झोपेच्या अभावानं, थायरॉइडच्या त्रासानं किंवा नैराश्यानंही होऊ शकतो. तो अलीकडेच सुरू झाला असेल तर आधी ही कारणं तपासून घ्यावीत. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

या आठवड्यात एवढंच करा. सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतची कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तुमचा अंदाज मांडा. मग घड्याळ लावून खरा वेळ शेजारी लिहा. दोन्हींतला फरक पाहून स्वतःला बोल लावू नका. पुढच्या सोमवारचे गजर त्या खऱ्या आकड्यांवरून लावा. पुढच्या भागात पैशाचे व्यवहार पाहू.